हवेच्या भाराखाली

सीएनसी राउटरवर प्लायवूड कापायचं तर आधी ते जागचं हलू नये याची सोय हवी. कडेला क्लॅम्प लावले तर कटर त्यांवर आदळण्याची धास्ती. स्क्रू मारले तर मालाला भोकं पडतात. मोठ्या कारखान्यांत यासाठी व्हॅक्यूम टेबल असतं, पण त्याचा पंप छोट्या वर्कशॉपला परवडत नाही. तिथे व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उपयोगी पडते, आणि तिला कमी लेखण्याचं कारण नाही.

फळीला खालून कोणी ओढत नसतं. खालची हवा काढली की वरची हवा तिला दाबून धरते. हवेचा हा भार दर चौरस सेंटिमीटरला साधारण 1 किलो. क्लीनरची मोटर त्यातला जेमतेम पाचवा हिस्सा मिळवून देते; तरी 60 सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या फळीवर तो 700 किलोच्या घरात जातो.

फ्रिजचा जुना कॉम्प्रेसर याहून कितीतरी खोल निर्वात करतो. पण तो मिनिटाला थोडीच हवा उपसतो, आणि स्वस्त टेबल तर गळणारच. असं टेबल बनवताना चर पाडलेल्या, रंग देऊन बंद केलेल्या तळावर एमडीएफची फळी ठेवतात. तिच्या दोन्ही बाजूंची कठीण साय राउटरनेच अर्धा-अर्धा मिलिमीटर छिलली की आतल्या भुशातून हवा आरपार जाऊ लागते. कडांना मात्र रंगाचे दोन-तीन हात द्यायचे, नाहीतर सगळा जोर तिथूनच वाया जातो. टेबलाचे भाग पाडून प्रत्येकाला पीव्हीसीचा बॉल व्हॉल्व्ह दिला की रिकामी बाजू बंद ठेवता येते.

मोटर निवडताना बायपास प्रकारचीच घ्यावी. तिला थंड ठेवणारा पंखा वेगळा असतो. साध्या मोटरला ओढलेली हवाच थंड ठेवते. त्यामुळे टेबल जितकं घट्ट धरेल तितकी ती तापते आणि शेवटी जळते.

खरी कसोटी कापताना लागते. कटर जसजसा आरपार जातो तसतशा नव्या फटी उघडतात, आणि व्हॅक्यूम गेजचा काटा खाली येतो. नावाच्या पाटीवरचं 5 सेंटिमीटर लांबी-रुंदीचं अक्षर तर पूर्ण ओढीतही 5 किलोच्याच भाराखाली असतं. कटरचा बाजूचा धक्का त्याला सहज उडवतो. अशा कामात तळाशी अर्धा मिलिमीटर लाकूड न कापता सोडावं, आणि अक्षरं नंतर पॉलिश पेपरवर घासून मोकळी करावीत.