सुटकेचा चाकू

डोंगरातील वळणाच्या रस्त्यावर रात्रीच्या वेळी एखादी मोटार उलटते. दारे चेपून घट्ट बसलेली असतात. आतील प्रवासी जिवंत असतो. किंबहुना आसनपट्ट्याने त्याला जागच्या जागी धरून ठेवले, म्हणूनच तो जिवंत असतो. परंतु अंगाचा सारा भार पडल्यामुळे आता त्याच पट्ट्याचे बक्कल सुटत नाही. आणि क्षणापूर्वी वाऱ्यापावसापासून रक्षण करणाऱ्या काचा भिंतीसारख्या आड येतात. पेट्रोल गळू लागले असेल, तर सुटकेचा अवधी मिनिटांत मोजावा लागतो. रक्षणाची साधनेच अशी बंधने होऊन बसली असता ती तोडण्यासाठी स्वित्झर्लंडमध्ये एक खास मिटता चाकू तयार करण्यात आला.

स्वित्झर्लंडमधील श्वीत्स परगण्यात इबाख नावाचे एक गाव आहे. तेथे कार्ल एल्सेनर या कारागिराने १८८४ साली चाकूसुऱ्यांचा कारखाना काढला. त्या काळी स्विस सैनिकांना एक मिटता चाकू देण्याचे ठरले होते. डबाबंद अन्न उघडता यावे आणि बंदुकीचे स्क्रू काढता यावेत, हा त्यामागील हेतू. पहिले चाकू जर्मनीतून करवून घ्यावे लागले. ही गोष्ट एल्सेनरला रुचली नाही. त्याने १८९१ पासून आपल्याच देशात ते बनवून सैन्याला पुरवण्यास आरंभ केला. पुढे १८९७ साली अधिकाऱ्यांसाठी त्याने अधिक हलका व अधिक अवजारांचा चाकू केला, आणि तोच पुढे जगभर प्रसिद्ध झाला. १९०९ मध्ये त्याची आई व्हिक्टोरिया निवर्तली, तेव्हा त्याने मालाला तिचेच नाव दिले. न गंजणाऱ्या पोलादाला फ्रेंच भाषेत जो शब्द आहे, त्याचे 'इनॉक्स' हे लघुरूप १९२१ साली त्या नावास जोडले गेले आणि 'व्हिक्टोरिनॉक्स' हे नाव सिद्ध झाले.

सुटकेचा चाकू याच कारखान्याचा. स्विस बचावपथकांशी विचारविनिमय करून तो एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात घडवण्यात आला. मिटलेल्या स्थितीत त्याची लांबी अवघी १११ मिलिमीटर, म्हणजे तळहाताएवढी असते. मूठ पिवळी असून अंधारात मंद उजळते. धांदलीत हातातून निसटला तरी चाकू डोळ्यांस दिसावा, एवढाच त्या रंगाचा उद्देश. हातमोजे घातलेल्या माणसालाही पाती उघडता येतात.

त्यातील एक पाते आकड्यासारखे वाकवलेले असते. चाकू म्हटला की धारेबरोबर अणकुचीदार टोकही आलेच, असे आपण धरून चालतो. येथे मात्र धार आकड्याच्या आतल्या बाजूस आहे आणि बाहेरचे टोक बोथट आहे. आसनपट्टा प्रवाशाच्या छातीला घट्ट चिकटलेला असतो. साधी सुरी त्याखाली सरकवली, तर पट्ट्याआधी कातडीच कापली जाईल. आकड्याचे बोथट टोक अंगाला न दुखवता पट्ट्याखाली शिरते. मग तिरके ओढताच पट्टा तुटतो. तिन्ही ठिकाणी बांधलेला हा पट्टा निल्स बोलिन या स्वीडिश अभियंत्याने १९५९ साली व्होल्वो मोटारींसाठी तयार केला आणि त्याने असंख्य जीव वाचवले आहेत. तेव्हा पट्टा तोडण्याचे अवजार म्हणजे पट्ट्याची निंदा नव्हे.

आता काचेचा विचार करू. मोटारीच्या बाजूची काच सामान्यतः भट्टीत तापवून, लगेच थंड हवेचा झोत सोडून कठीण केलेली असते. तिचा पृष्ठभाग आधी थिजतो, गाभा मागाहून आकसतो. त्यामुळे पृष्ठभाग सतत दाबला गेलेला आणि गाभा ताणलेला राहतो. अशा काचेवर मूठ आपटली तरी ती सहसा फुटत नाही. पण पोलादाचे बारीक टोक त्या दाबलेल्या थरातून आत गेले, की कोंडलेला ताण एकाएकी मोकळा होतो आणि सबंध काच दाण्यांसारख्या तुकड्यांत ढासळते. चाकूच्या एका टोकाला असा लहानसा पोलादी खिळा बसवलेला आहे. काचेच्या मधोमध नव्हे, तर कोपऱ्याजवळ प्रहार करावा. कारण मध्यभागी काच लवते आणि घाव पचवते.

समोरची काच निराळी. तिची कथा १९०३ सालची आहे. एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनज्ञाच्या प्रयोगशाळेत फळीवरून काचेचा एक चंबू खाली पडला. चंबूला तडे गेले, पण तुकडे विखुरले नाहीत. आतील द्रव सुकून त्याचा पातळ पापुद्रा काचेला चिकटून राहिला होता! पुढे मोटारींच्या अपघातांत काचांनी माणसे जखमी होतात हे त्याच्या ध्यानी आले, तेव्हा त्याला तो चंबू आठवला. १९०९ साली त्याने दोन काचांमध्ये असा पापुद्रा घातलेल्या काचेचे पेटंट घेतले. आजची समोरची काच त्याच तत्त्वावर बनते. ती तडकते, पण कोसळत नाही. म्हणून तेथे खिळा निरुपयोगी ठरतो. आधी भोक पाडावे लागते आणि मग चाकूतील करवतीने काच कापत जावे लागते. हे काम संथ आणि श्रमाचे आहे. काचेची पूड उडते, म्हणून नाकातोंडाला फडके बांधणे इष्ट. आत कोणी असेल, तर त्याचा चेहराही झाकावा.

अलीकडे काही मोटारींच्या बाजूच्या काचाही अशाच जोडकाचा असतात. तेथे नुसत्या प्रहाराने वाट मिळत नाही, हे बचाव करणाऱ्याला आधीच ठाऊक असले पाहिजे. शिवाय मोटारीच्या मागील सामानकप्प्यात ठेवलेला चाकू आत अडकलेल्याच्या काय उपयोगाचा? तो चालकाच्या हाताशी असावा लागतो. चेपलेले दार उघडण्याचे सामर्थ्य मात्र या चाकूत नाही. त्यासाठी अग्निशामक दलाची मोठी यंत्रेच आणावी लागतात. काच कापताना करवतीचे दात झिजतात. म्हणून ती करवत आणि तो पोलादी खिळा बदलता येतील अशी सोय ठेवलेली आहे. काम संपले, की चाकूतील काचेची पूड झाडून जुने पाते काढतात, नवे बसवतात आणि चाकू पुन्हा आपल्या लाल पिशवीत जातो.