एकांताची किंमत

डोंगरकुशीत, पाण्याकाठी, मासेमारीस सोयीची निवांत जागा विकणे आहे, असे वाचले की शहरी मनास भुरळ पडते. निरगुडसरहून पश्चिमेस डिंभे जलाशयाचा काठ असाच निवांत दिसतो. परंतु हा एकांत निसर्गदत्त नव्हे. ज्या आंबेगावावरून तालुक्यास नाव मिळाले, ते गावच घोड नदीवरील या धरणात बुडाले. विस्थापित महादेव कोळी कुटुंबांनी पुढे त्याच पाण्यात मासेमारी करून पोट भरले. आदिवासींची जमीन सरकारी मंजुरीविना बिगर-आदिवासींस विकता येऊ नये, अशी तरतूद १९७४ मध्ये जमीन महसूल संहितेत झाली, ती उगाच नव्हे. गाव गमावलेल्यांच्या हातून आता काठही जाणार असेल, तर त्याची किंमत कोणत्या खरेदीखतात लिहावयाची?