परका देश, न सांगितलेले नियम

परदेशी शिकायला गेलेले मूल पहिल्या काही महिन्यांत फोनवर रडवेले झाले की घरून ठरलेले दोन सल्ले मिळतात : मन घट्ट कर, नाहीतर धीर धर, होईल सवय. सल्ले मायेचेच, पण हा प्रश्न स्वभावाचा किंवा फार तर काळाचा आहे, असे त्यांत गृहीत धरलेले असते. मला ते पटत नाही. ‘कल्चर शॉक’ ही संज्ञा ज्याच्यामुळे रूढ झाली त्या कालेर्वो ओबर्ग या मानवशास्त्रज्ञाने 1954 साली रिओ दि जानेरोतल्या एका महिला क्लबपुढे भाषण केले, त्यात त्याचे निदान वेगळे होते. हस्तांदोलन कधी करायचे, बक्षिशी किती द्यायची, आमंत्रण केव्हा स्वीकारायचे, कुणाचे बोलणे कितपत मनावर घ्यायचे, अशा असंख्य बारीक खुणांवर आपला दिवस बिनबोभाट चालतो. त्या एकाएकी नाहीशा झाल्या की धीट माणूसही सैरभैर होतो. त्याला तेव्हा माहिती हवी असते. हिंमत त्याच्याकडे असतेच.

आज जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांची संख्या सर्वांत मोठी आहे. मुंबईशी 1968 पासून भगिनी-शहराचे नाते असलेले श्टुटगार्ट घ्या. तिथल्या अनेक इमारतींत सामाईक जिना झाडण्याची आठवड्याची पाळी असते, तिला ‘केरवोखे’ म्हणतात. ज्याची पाळी त्याच्या दाराला छोटी पाटी अडकवलेली असते. आठवडा सरला की ती शेजारच्या दारावर जाते. नव्या भाडेकरूला त्या पाटीचा बोध होत नाही, जिना तसाच राहतो, आणि शेजारीण एक दिवस तोंडावर सुनावते. लोक तुसडे आहेत, आपण त्यांना नकोच आहोत, असे मुलाच्या मनात बसते. काही वेळा ते खरेही असेल, पण हे दुखणे झाडूने बरे होणारे होते. रविवारी दुकाने बंद, रात्री दहानंतर शांतता, नव्या घरात गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची सरकारी नोंद, हेही तसेच. वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी दिल्या तर तिथे अपशकुन मानतात, आणि कचेरीत केक ज्याचा वाढदिवस त्यानेच आणायचा असतो!

काळ हेच औषध म्हणणारे नॉर्वेच्या स्वेर्रे लिसगार्डचा 1955चा अभ्यास पुढे करतात. अमेरिकेत राहून आलेल्या 200 नॉर्वेजियन शिष्यवृत्तीधारकांत सहा ते अठरा महिने राहिलेले सर्वांत कमी रुळलेले आढळले. त्यातून आधी आनंद, मग घसरण, मग सावरणे असा ‘यू’ आकाराचा आलेख लोकप्रिय झाला. पण लिसगार्डने तीच माणसे वेळोवेळी तपासली नव्हती, वेगवेगळा काळ राहिलेल्यांची तुलना केली होती. कॉलीन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडमधल्या जपानी विद्यार्थ्यांना पोचल्यापासून वर्षभर प्रश्न विचारले, तर त्रास अगदी सुरुवातीलाच सर्वांत जास्त निघाला. त्यांचा नमुना लहान होता हे खरे. तरी पहिले महिने मौजेचे जातील या भरवशावर तयारी पुढे ढकलणे महागात पडू शकते, एवढे त्यातून नक्की दिसते.

परक्या देशाचे नियम शिकता शिकता आपण आपले उरणार नाही, ही भीती मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. जॉन बेरी आणि सहकाऱ्यांनी 13 देशांतल्या स्थलांतरित तरुणांची पाहणी केली, तिचे निष्कर्ष 2006 साली आले. मूळ संस्कृती आणि नवा समाज दोन्ही धरून राहिलेली मुले त्यात सर्वांत बरी आढळली. दोन्ही धरले म्हणून ती बरी राहिली, की बरी होती म्हणून दोन्ही धरू शकली, हे अशा पाहणीतून ठरत नाही. पण जिना झाडल्याने गणपती सुटतो, याला तर कुठेच आधार नाही. परदेशी मराठी माणसे जिथे जमतात त्या महाराष्ट्र मंडळाची खरी गोम वेगळी आहे. तिथली जुनी मंडळी पाटीचा अर्थ पहिल्याच आठवड्यात सांगू शकतात. पण शनिवार-रविवार फक्त मंडळातच गेला, तर शेजारणीशी बोलण्याची वेळच येत नाही. रोजच्या व्हिडिओ कॉलचेही थोडेफार असेच.

आडनाव वाचून घर नाकारणाऱ्या मालकापुढे मात्र कुठलेही कौशल्य चालत नाही. तो अन्याय आहे, आणि त्याला ‘कल्चर शॉक’ म्हणणे म्हणजे दोष सोसणाऱ्याच्या माथी मारणे. जर्मनीत 2006 पासून भेदभावाविरुद्ध कायदा आहे आणि घरभाडेही त्याच्या कक्षेत येते. तक्रारीला मुदत असते, म्हणून नकाराचा ईमेल चिडून पुसून न टाकता जपून ठेवावा आणि विद्यार्थी संघटनेचा कायदा-सल्ला कुठे मिळतो ते आधीच विचारून ठेवावे.