गोळी आपली, पोट शिणाण्यांचे

शिणाणे, कालवे, तिसऱ्या ही सगळी पाणी गाळून जगणारी मंडळी. मोठे शिणाणे तासाला काही लिटर पाणी कल्ल्यांतून गाळते आणि खाद्याबरोबर सांडपाण्यातून आलेली आपली औषधेही आत घेते. अपस्मारावरचे कार्बामाझेपिन सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातूनही बहुतांशी तसेच बाहेर पडते. आपल्या गिधाडांचा काळ ठरलेले वेदनाशामक डायक्लोफिनॅक २०१५ साली युरोपीय संघाने पाण्यातील प्रदूषकांच्या निरीक्षण यादीत घेतले.

खरी गंमत (गंमत म्हणवत नाही, पण) नैराश्यावरच्या फ्लुऑक्सेटिनची. ते मेंदूत सेरोटोनिनचा प्रभाव वाढवते. शिंपल्यांत अंडी आणि शुक्राणू सोडण्याचा इशारा देणाऱ्या रसायनांत सेरोटोनिनच मुख्य. बीजोत्पादन केंद्रांत त्यासाठी ते टोचतातही. प्रयोगशाळेत फ्लुऑक्सेटिनने गोड्या पाण्यातल्या झेब्रा शिंपल्यांना अवेळी अंडी सोडायला लावले आहे.

त्यात पाणी तापले की प्राणवायूची गरज वाढते, पाण्यातला प्राणवायू मात्र घटतो. खडकाला धरणारे तंतूही कमकुवत होतात. जून २०२१च्या उष्णतेच्या लाटेत कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर ओहोटीत उघडे पडलेले शिणाणे अक्षरशः शिजले. शास्त्रज्ञ क्रिस हार्ले यांच्या अंदाजाने त्या वेळी शंभर कोटींहून अधिक किनारी जीव मेले.