पासवर्ड बरोबर, तरी दार बंद

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. बडनेऱ्याच्या नव्या वस्तीत आमच्या घरामागे रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका राहतात. सकाळी सातला ते फाटकाशी उभे. म्हणाले, "भाऊ, जरा घरी येता का? नातीचं ई-मेल उघडूनच नाही राहिलं. पासवर्ड तं बराबर टाकून राहिलो आम्ही. काऊन घेत नसन तो?"

नातीने अभियांत्रिकीच्या प्रवेशाचा अर्ज भरला होता. अर्जातल्या त्रुटींचे निरोप याच ई-मेलवर येणार होते आणि कागदपत्रे दुरुस्त करायला दोनच दिवस उरले होते. पोरगी रात्रभर झोपलेली नव्हती.

एक काळ असा होता की ई-मेल म्हणजे नुसते पत्र. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. पुढच्याच वर्षी, ४ जुलै १९९६ ला, सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांचे हॉटमेल आले आणि पत्त्याला पैसे पडेनासे झाले. तेव्हा खाते उघडले नाही तर दुसरे काढायचे, इतके सोपे होते. आज प्रवेशअर्ज, बँक, शिष्यवृत्ती, रेल्वेचे तिकीट, सगळ्यांची किल्ली त्याच पत्त्याला बांधलेली असते. त्यामुळे दुसरे खाते काढून भागत नाही.

संगणकासमोर बसल्यावर मी पासवर्डाच्या चौकटीला हात लावला नाही. नातीला म्हटले, पासवर्ड आधी वरच्या, नावाच्या चौकटीत टाईप कर, म्हणजे अक्षरे दिसतील. तिने केले आणि पडद्यावर देवनागरी उमटली! काका पेन्शनर मंडळींची पत्रे मराठीत टाईप करतात. कीबोर्ड मराठीवरच राहिला होता. पासवर्डाच्या जागी फक्त काळे ठिपके दिसतात, त्यामुळे आत काय चालले आहे ते कळत नाही. कॅप्स लॉक चालू राहिले तरी हेच होते. हल्ली चौकटीशेजारी डोळ्याचे चिन्ह असते, ते दाबले की अक्षरे दिसतात. हा एक मिनिटाचा उपाय आदल्या संध्याकाळी झाला असता तर पुढचे रामायण घडलेच नसते.

पण ते घडले होते. पासवर्ड दहा-बारा वेळा चुकला. मग नात अमरावतीला एका नेट कॅफेत गेली आणि तिथून प्रयत्न केले. आता खाते राखणाऱ्या कंपनीच्या बाजूने विचार करा. एकाच खात्यावर चुकीचे पासवर्ड येत आहेत, आणि तेही कधी नाही त्या संगणकावरून. तिला हा चोर वाटणारच. म्हणून खाते परत मिळवायचे असेल तर जिथून नेहमी उघडता तो संगणक, तोच ब्राउझर आणि तेच घर सोडू नये. गूगल स्वतः हेच सांगते. आपण मात्र अडचण आली की पहिल्यांदा घराबाहेर पडतो.

इकडे घरी काकांनी वेगळाच उद्योग केला होता. त्यांनी इंटरनेटवर 'जीमेल मदत फोन नंबर' असे शोधले, पहिलाच नंबर उचलला आणि फोन लावला. पलीकडच्या माणसाने गोड हिंदीत सगळे ऐकून घेतले आणि आपला पडदा त्याला दिसेल असे एक अॅप उतरवायला सांगितले. ते उतरत असतानाच वीज गेली. भारनियमनाला मी जन्मभर शिव्या दिल्या, पण त्या रात्री त्याने काकांची पेन्शन वाचवली.

मोफत जीमेल खात्यात शिरायला मदत करणारी फोनसेवा गूगल चालवत नाही, हे कृपया ध्यानात ठेवा. मग तो नंबर आला कुठून? मी शोधाचे पान उघडले तर ते गूगलचे नव्हतेच. दिसायला तसेच, रंगीत अक्षरांचे, पण वरचा पत्ता भलताच. कोपऱ्यात 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे' अशा चौकटी दर मिनिटाला उगवत होत्या.

नातीला विचारले, गेल्या आठवड्यात काय उतरवलेस? तर अर्जासोबतची कागदपत्रे ठरावीक आकारापेक्षा लहान करून चढवायची होती, म्हणून तिने पीडीएफ लहान करणारे एक फुकटचे सॉफ्टवेअर घेतले होते. ही गोष्ट घरोघरी होते. अशा सॉफ्टवेअरसोबत न मागितलेले पाहुणे येतात. 'पुढे, पुढे' दाबत जाताना एखाद्या पानावर आधीच बरोबरची खूण केलेली असते आणि आपण तिला संमती देऊन टाकतो. पाहुणा घरात आला की ब्राउझरचे पहिले पान बदलतो आणि शोध आपल्या पानाकडे वळवतो. तिथल्या जाहिरातींवर आपण बोट ठेवले की त्याला पैसे मिळतात. त्याचा धंदा इतकाच. पण त्याच जाहिरातींत खोट्या मदतकेंद्रांचे नंबरही शिरतात.

म्हणून मी म्हटले, आधी ब्राउझर साफ करू, मग ई-मेल. नात कासावीस झाली. काका तिला म्हणाले, "थांब ना माय, भाऊ सांगतात तसं कर." घाई तिची बरोबर होती, पण ब्राउझरला चिकटलेल्या काही जोडण्या आपण टाईप केलेले वाचू शकतात. नवा पासवर्ड तिथे टाकणे म्हणजे चोरासमोर तिजोरीचे आकडे फिरवणे.

आम्ही कंट्रोल पॅनेलमधली सॉफ्टवेअरची यादी तारखेप्रमाणे लावली. पीडीएफवाल्याच्याच तारखेला आणखी दोन अनोळखी नावे बसली होती. तिन्ही काढली. मग ब्राउझरच्या वरच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवरून एक्स्टेन्शनच्या यादीत गेलो. त्यातले एक तर 'मदतनीस' नाव घेऊन बसले होते! तेही काढले. त्यानंतर सेटिंग्जमध्ये शोधाचे इंजिन आणि सुरुवातीचे पान पूर्ववत केले. त्या व्हायरसच्या चौकटी म्हणजे व्हायरस नव्हताच. कुठल्याशा संकेतस्थळाने 'सूचना पाठवू का' असे विचारले होते आणि कुणीतरी 'अलाउ' दाबले होते. सूचनांच्या यादीतून ते नाव काढताच चौकटी बंद झाल्या.

एवढे करूनही जुनेच पान परत आले तर पडद्यावरच्या ब्राउझरच्या चित्रावर उजवे बटण दाबून प्रॉपर्टीज पाहा. 'टार्गेट'च्या ओळीत शेवटी एखादा संकेतस्थळाचा पत्ता चिकटवलेला असतो, तो पुसायचा. आणि अगदीच हात टेकले तर क्रोममध्ये 'रिसेट'ची सोय आहे. तिने एक्स्टेन्शन बंद पडतात, सेटिंग्ज मूळ होतात, पण तुमच्या खुणा आणि साठवलेले पासवर्ड जात नाहीत. लोक उगाच विंडोज नव्याने टाकायला दुकानात नेतात.

आणखी एक दुखणे आपल्या भागात फार आढळते. जुना संगणक सुरू केला की प्रत्येक संकेतस्थळ 'जोडणी सुरक्षित नाही' म्हणते. कोपऱ्यातली तारीख पाहावी, ती दहा-पंधरा वर्षे मागची निघते. प्रत्येक संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. घड्याळच चुकले तर ब्राउझरला ते प्रमाणपत्र खोटे वाटते. आत नाण्याएवढा एक सेल असतो, तो संपला की वीज गेल्यावर घड्याळ मागे पळते. सेल बदलायचा, तारीख लावायची, झाले.

तर आता ई-मेल. कीबोर्ड इंग्रजीवर आणला, पासवर्ड टाकला, तो बरोबर निघाला. पण रात्रीच्या गोंधळामुळे गूगलने मोबाईलवरचा आकडा मागितला, आणि तो मोबाईल नंबर नातीने केव्हाच बंद केला होता. तिने डोक्याला हात लावला. मी 'दुसरा मार्ग' निवडायला सांगितले. दहावीत असताना तिने मामाचा ई-मेल पर्यायी पत्ता म्हणून दिला होता, हे ती विसरूनही गेली होती. मामा अकोल्याला असतात. त्यांना फोन करून उठवले, आकडा विचारला आणि दार उघडले.

उघडल्यावर लगेच पत्रे वाचायची नसतात. पासवर्ड बदलला. नव्या मोबाईलचा नंबर दिला. कोणकोणत्या यंत्रांवर खाते उघडे आहे ती यादी पाहिली, त्यात अमरावतीचा नेट कॅफे होता, तो बाहेर काढला. पत्रे आपोआप दुसऱ्या पत्त्यावर जातील अशी फॉरवर्डिंगची व्यवस्था किंवा फिल्टर कुणी लावले आहे का तेही पाहिले. चोर पासवर्ड गमावतो, पण अशी मोरी ठेवून जातो. शेवटी गूगल देते ते दहा राखीव आकडे कागदावर उतरवून घेतले. प्रत्येक आकडा एकदाच चालतो. काकूंनी तो कागद रेशनकार्डाच्या डब्यात ठेवला.

ज्यांची जुनी खाती नुसती पडून आहेत त्यांनी ती अधूनमधून उघडावीत. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल डिसेंबर २०२३ पासून काढून टाकते आहे. आणि कुणी खोट्या मदतकेंद्राला बळी पडून पैसे गमावलेच, तर लाजत बसू नये. १९३० या नंबरावर तत्काळ तक्रार करावी. जितका उशीर, तितके पैसे लांब जातात.

नातीच्या पत्रांत प्रवेशाचा निरोप होता. उत्पन्नाच्या दाखल्याची प्रत अस्पष्ट होती. दुपारी दोनपर्यंत नवी प्रत चढवून झाली. चहा घेता घेता तिला काय वाटले कोण जाणे, तिने आपला तो बंद केलेला जुना नंबर लावून पाहिला. बंद झालेला नंबर नव्वद दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला देता येतो. घंटा वाजली आणि एका अनोळखी बाईंनी विचारले, "कोन बोलून राहिलं?"

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)