चंचल मुलगा आणि आजाराचा शिक्का

‘पोरगं एका जागी बसत नाही, डॉक्टरला दाखवा,’ असा निरोप शाळेतून आला की सोयगावातले आईबाप हबकतात. अतिचंचलतेचा हा आजार, म्हणजे एडीएचडी, खराच आहे. पण तो रक्ताच्या तपासणीत कळत नाही. निदान वागणुकीवरून होते, म्हणून चूकही होते. लक्षणे बारा वर्षांच्या आत सुरू झालेली, किमान ६ महिने टिकलेली आणि घरी व शाळेत दोन्हीकडे दिसावी लागतात. एकट्या गुरुजींची तक्रार पुरेशी नाही.

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात सुमारे ९ लाख मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. डिसेंबरात जन्मलेली, म्हणजे वर्गात वयाने सर्वांत लहान असलेली मुले पाहा: जानेवारीत जन्मलेल्या मुलग्यांपेक्षा त्यांच्यावर हा शिक्का ३० टक्के अधिक बसला होता, औषधे ४१ टक्के अधिक. लहानपणालाच आजार समजले गेले असावे! आपल्याकडे तर तारीख पुढेमागे करून पोराला लवकर पहिलीत बसवण्याची जुनी खोड आहे.

मिथिलफेनिडेट हे औषध योग्य मुलाला उपयोगी पडते. भूक आणि झोप मात्र कमी होऊ शकते. सहा वर्षांच्या आतील मुलासाठी आधी पालकांनाच वागणूक हाताळण्याचे शिक्षण द्यावे, असे तज्ज्ञ सांगतात. संभाजीनगरला घाटी रुग्णालयात जायचे तर मजुरी बुडते, हे आम्ही जाणतो. तरी आधी कान-डोळे तपासून घ्यावेत आणि जाताना मुलाची खरी जन्मतारीख सांगावी, दाखल्यावरची नव्हे.