स्वकल्पित इंजिनास रंग कोणता द्यावा?

आगगाड्यांच्या लहान प्रतिकृति करण्याचा छंद ज्यांस आहे, त्यांचे दोन वर्ग पडतात. कांहीं जण प्रत्यक्ष धांवलेल्या एखाद्या रेल्वेची हुबेहूब नक्कल करितात. दुसरे रेल्वे कंपनीच आपल्या मनानें निर्माण करितात. तिचें नांव, तिचा मार्ग, तिचीं स्थानकें, सर्व कांहीं कल्पित. पहिल्या वर्गास इंजिनाचा रंग जुन्या छायाचित्रांवरून ठरवितां येतो. दुसऱ्यास मनास येईल तो रंग देण्याची मोकळीक आहे खरी. परंतु तसा रंग दिलेलें इंजिन बहुधा खेळण्यासारखें दिसतें, व पाहणाऱ्याचा त्या रेल्वेवर विश्वास बसत नाहीं. असें कां होतें व तें कसें टाळावें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

खऱ्या रेल्वेच्या रंगामागें कांहीं तरी कारण असतें. अमेरिकेंतील बहुतेक वाफेचीं इंजिनें काळीं असत; कारण काळा रंग स्वस्त, आणि त्यावर काजळी दिसत नाहीं. सांता फे कंपनीनें १९३७ सालीं उतारूंचें मन वेधण्यासाठीं आपल्या नामांकित गाडीच्या डीझेल इंजिनांस तांबडा व रुपेरी रंग दिला. पुढें आलेलीं मालगाड्यांचीं डीझेल इंजिनें मात्र निळीं-पिवळीं ठेविलीं. मुंबई-पुणें मार्गावर १ जून १९३० रोजीं सुरू झालेल्या दख्खनच्या राणीचे रुपेरी व निळे डबे याच हेतूनें रंगविलेले होते. कांहीं रंग तर निव्वळ सोयीसाठीं असतात. इंजिनाच्या लांब नाकाडावर पडलेलें ऊन चालकाच्या डोळ्यांवर चमकूं नये, म्हणून कांचेपुढील भाग काळसर ठेवीत. येणारी गाडी रुळांवरील कामकऱ्यांस दुरून दिसावी, म्हणून ब्रिटिश रेल्वेनें १९६० नंतर इंजिनांच्या तोंडांवर पिवळा रंग लावण्यास आरंभ केला.

यावरून नियम असा निघतो कीं, रंग निवडण्यापूर्वीं आपल्या कंपनीचा इतिहास निश्चित करावा. साल कोणतें, काम कोणतें, पैसा किती, आणि मोठ्या कंपन्यांशीं नातें काय, एवढ्या चार प्रश्नांचीं उत्तरें पुरेशीं होतात. समजा, पश्चिम व्हर्जिनियाच्या डोंगरांतून कोळसा वाहणारी एक लहान कंपनी आपण कल्पिली आहे, व साल १९५५ आहे. कोळशाच्या धुळींत रुपेरी रंग टिकावयाचा नाहीं. तेव्हां सर्वांगास एकच गडद रंग हवा. पैसा बेताचा, म्हणून त्यावर फार तर एक पिवळी रेघ. त्या काळीं अनेक कंपन्यांच्या रंगयोजना इंजिनें बांधणाऱ्या जनरल मोटर्सचेच चित्रकार आंखून देत; तेव्हां आपल्या कंपनीनेंही त्यांचाच एखादा नमुना घेऊन केवळ रंग बदलला, हें सहज संभवतें. शेजारच्या मोठ्या कंपनीचे भाग तींत गुंतलेले असतील, तर तिच्या रंगाची छटाही आपल्या इंजिनावर शोभेल. गोष्ट पुढील काळांतील असेल, तर आणखी एक युक्ति आहे. मार्च १९७० मध्यें चार कंपन्या एकत्र होऊन बर्लिंग्टन नॉर्दर्न निर्माण झाली व तिचा रंग हिरवा ठरला; तरी जुन्या रंगांतील इंजिनें पुढें कित्येक वर्षें धांवत होतीं. आपल्याही रुळांवर नवा व जुना रंग शेजारीं शेजारीं दिसला, म्हणजे कंपनीचा इतिहास न सांगतां कळतो.

आतां कृति. इंजिनाच्या बाजूची आकृति काढून तिच्या चारपांच प्रती कराव्या, त्या रंगीत पेन्सिलींनीं निरनिराळ्या रंगवाव्या, व आठ दिवस भिंतीवर लावून ठेवाव्या. जी आठव्या दिवशींही आवडेल ती घ्यावी. रंग दोन, फार तर तीन असावे, व अक्षरें त्यांवर स्पष्ट उठून दिसावीं. सत्याऐंशीपट लहान केलेल्या इंजिनावर मूळचाच रंग अधिक गडद भासतो. म्हणून त्यांत थोडा पांढरा मिसळावा, आणि ज्या दिव्याखालीं गाडी धांवणार त्याच उजेडांत तो पाहावा. प्रथम इंजिनाचें कवच साबणाच्या पाण्यानें धुवून बोटांचें तेल घालवावें, मग अस्तर द्यावें. फिका रंग आधीं लावून तो वाळल्यावर चिकटपट्टीनें झांकावा, व मग गडद रंग द्यावा. पिवळ्याखालीं पांढरें अस्तर असावें, नाहीं तर तो मळकट दिसतो. पाण्यांत भिजवून बसविण्याचीं अक्षरें चकचकीत पृष्ठावरच नीट बसतात. चमक मारणारें रोगण त्यानंतर द्यावें. सर्व प्रयोग आधीं एखाद्या मोडक्या डब्यावर करून पाहावा.

शेवटीं थोडी धूळ व गंजही हवा. कॅलिफोर्नियांतील माँटेरे येथें जॉन ॲलन यांनीं निर्मिलेल्या रेल्वेचें नांव उच्चारतांना ‘रक्तबंबाळ आणि पराभूत’ असा इंग्रजी श्लेष ऐकूं येई. नांव असें थट्टेचें. तरीही तेथील वापरानें जुनीं झालेलीं इंजिनें व इमारती पाहणाऱ्यास खऱ्याच वाटत. १९७३ सालीं ते वारले, आणि पाठोपाठ लागलेल्या आगींत ती रेल्वेही नष्ट झाली. परंतु तिचीं छायाचित्रें पाहून छंदी लोक पुढेंही शिकत राहिले.

रंगवून झाल्यावर प्रत्येक पट्ट्याकडे बोट दाखवून ‘हा येथें कां?’ असें स्वतःस विचारावें. ज्याचें उत्तर कंपनीच्या इतिहासांत सांपडेल तो पट्टा ठेवावा; ज्याचें सांपडणार नाहीं तो खुशाल पुसून टाकावा.